मरण तेच, मग वैकुंठात गप्पा आणि नवले पुलावर थरकाप का?

सदाशिवपेठी: पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत चिता पेटली की कवटी फुटेपर्यंत थांबायची रीत आहे. तेवढ्या वेळात बाकावरची मंडळी मुलांच्या अ‍ॅडमिशनपासून मेट्रोपर्यंत सगळं बोलून घेतात. त्यांच्यातलाच एखादा महामार्गावरच्या, अपघातांसाठी कुप्रसिद्ध नवले पुलाच्या उतारावर चादर टाकलेला देह बघतो आणि दोन दिवस त्याला जेवण जात नाही. गेलेला मित्र ओळखीचा, पुलावरचा कोण कुठला. म्हणजे सगळं नात्यावर ठरत नाही. मरण कुठे आलं, कसं आलं आणि आपण तिथे कोण म्हणून उभे आहोत, यावर भावनाच बदलते. नुसता चेहरा नव्हे.

तिरकस कोथरूडकर: साफ असहमत. बाकावरचा आतून शांत असतो हे कुणी सांगितलं? चारचौघांत कसं वागायचं हे माणूस शिकलेला असतो, आतलं घरी आंघोळ करताना बाहेर येतं. आणि वैकुंठात तुम्ही मरण बघत नाही, मेलेला माणूस बघता. तुलनाच चुकली.

सदाशिवपेठी: पुलावरही चादरीखालचा देहच म्हटलंय, नीट वाचा. आता 'आतलं' मोजायचं तर १९६५ चा प्रयोग बघा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सहकाऱ्यांनी लाकूडकामाच्या कारखान्यातले अपघात दाखवणारी सुरक्षा-फिल्म लोकांना दाखवली. त्यात एक कामगार मरतो. काहींना आधी सांगितलं की हे खरं नाही, काहींना सांगितलं की अलिप्तपणे, अभ्यासासारखं बघा. दोन्ही गटांत हृदयाचे ठोके आणि त्वचेवरच्या घामाची मोजमापं इतरांपेक्षा कमी चढली. घाम काही लोकलाजेस्तव आवरत नाही.

तिरकस कोथरूडकर: खोटं आहे म्हटल्यावर कोण घाबरेल? अलिप्त गटाचं मानतो, पण ती खुर्चीवर बसून बघितलेली फिल्म होती. रस्त्यावर रक्ताचा वास येतो.

रात्रपाळी: आयसीयूत नर्स आहे. तुम्ही दोघंही बघणाऱ्यांबद्दलच बोलताय. सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवायची धडपड) चालू असताना मला काहीच वाटत नाही, कारण हात चालू असतात, डोक्यात फक्त आकडे. मॉनिटरवर सरळ रेघ आली तरी आधी वेळ लिहायची असते. मग डॉक्टरांबरोबर दाराबाहेर जायचं. तिथे मुलगा डबा घेऊन बसलेला असतो, आणि तेव्हा माझा घसा दाटतो. मरण तेच, मधे फक्त एक दार. सवय म्हणाल तर सवय आतल्या बाजूची झाली, बाहेरची अजून नाही. चेहरा मात्र दोन्हीकडे सारखाच ठेवते, कोथरूडकर.

हिंजवडी शटल: हे सगळं ठीक. पण पुलावर मोबाइल काढून शूटिंग करणाऱ्यांचं काय? त्यांना 'संदर्भ' म्हणून माफी द्यायची?

सदाशिवपेठी: माफी कशाला? कारण सांगणं म्हणजे वकिली नव्हे. स्क्रीन मधे आली की माणूस प्रेक्षक होतो, लाझारसच्या अलिप्त गटासारखा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे: प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यावर जखमीला काही झालं म्हणून खटला नाही, आणि त्याखालच्या नियमांनुसार नाव सांगायची सक्ती नाही. तेव्हा 'पोलिसांचं लचांड' ही सबब संपली. एकदा जखमीचं डोकं हातात धरलं की शूटिंग सुचत नाही.

तिरकस कोथरूडकर: सुचत नाही कारण हात अडकलेले असतात, भावना बदलली म्हणून नाही. रात्रपाळीताईंचं दार मात्र मला खोडता येत नाहीये. त्यावर उद्या लिहितो.