डोमेन नाव खरंच आपल्या मालकीचं असतं का?

प्रश्न: माझं डोमेन, म्हणजे माझ्या वेबसाइटचा पत्ता, मी दरवर्षी पैसे भरून चालू ठेवते. कुणी ते परस्पर स्वतःच्या नावे करून घेतलं, तर कायदा त्याला मालमत्ता हडपणं म्हणेल का?

उत्तर: म्हणायलाच हवं! 'क्रेमेन विरुद्ध कोहेन' खटला बघा. बनावट पत्रावर विसंबून रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, ते भलत्याच्याच हवाली केलं होतं. अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २००३ मध्ये डोमेनला मालमत्ताच मानलं.

दुसरं उत्तर: पण २००० साली 'अम्ब्रो' खटल्यात व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डोमेन हा फक्त सेवाकरारातला हक्क ठरवला. कर्जापोटी जप्ती नाकारली.

प्रश्नकर्ती: म्हणजे जप्तीपासून वाचलं, पण मालकी गेली! मला हे पटत नाही. लोकांच्या तोंडी बसलेला तो पत्ता माझ्या मेहनतीवर उभा आहे. तूर्त कुणी डोमेन परस्पर हलवू नये म्हणून ट्रान्सफर लॉक लावलाय.