पेशंट "नको" म्हणतात, तरी कूस बदलायची का?

नाइटड्यूटी:
वॉर्डला नवीन आहे. एक आजोबा आहेत, कॅन्सर हाडांत पसरलाय, पण पूर्ण शुद्धीत आहेत, सगळं समजतं त्यांना. दर दोन तासांनी पोझिशन बदलायची ऑर्डर आहे आणि रात्री हात लावला की म्हणतात, सिस्टर राहू द्या, झोपू द्या मला. माकडहाडावर लाली आलीये, दाबलं तरी पांढरी पडत नाही, म्हणजे बेडसोरची सुरुवात झालीच. मुलगा म्हणतो त्यांचं ऐकू नका, वळवा. इन्चार्ज म्हणतात ऑर्डर आहे ना मग कर. वळवलं की कळवळतात, नाही वळवलं तर जखम वाढणार. काय करू?

जुनी_सिस्टर:
आधी त्यांना विचार, का नको? दुखतं म्हणून नको आणि आता कशातच अर्थ नाही म्हणून नको, यात खूप फरक आहे गं. दुखत असेल तर वेदनेची औषधं काय चालू आहेत ते बघ, डॉक्टरांशी बोलून वळवण्याच्या आधीचा डोस लिहून घे. तोंडाने मॉर्फिन असेल तर लागू पडायला अर्धा ते एक तास जातो, त्या हिशोबाने वेळ धर, नाहीतर डोस दिला आणि लगेच वळवलं तर काय उपयोग. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंशापर्यंतच कलव, पोटऱ्यांखाली उशी दे म्हणजे टाचा अधांतरी राहतील. शक्यतो दोघींनी मिळून करा, ओढू नका, उचला. आणि दोन तास हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, ब्रिटनच्या नाइस (उपचारांच्या गाइडलाइन काढणारी सरकारी संस्था) च्या २०१४ च्या गाइडलाइनमध्ये जास्त धोका असलेल्या मोठ्या माणसांसाठी किमान दर चार तासांनी असं आहे. पण तुझ्या पेशंटला लाली आलीच आहे, त्यामुळे गादी बदलून मिळते का आणि रात्री किती अंतर चालेल हे टीमशी बोलूनच ठरव.

शिकवणारी:
बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये नर्सिंगच्या ज्ञानाचे चार प्रकार मांडले, शास्त्र, कला, स्वतःची ओळख आणि नीती. परीक्षेपुरतं पाठ करतात मुली, पण इथे चारही एकाच बेडवर आहेत बघा. लाली ओळखणं हे शास्त्र, न दुखवता वळवणं ही कला, त्यांचं कळवळणं बघून आपल्याला काय होतं आणि आपण घाई का करतो हे कळणं ही स्वतःची ओळख, आणि शुद्धीतल्या माणसाच्या "नको"चं काय करायचं हा नीतीचा भाग. माझ्या मते शेवटचा शब्द आजोबांचाच. मुलगा तळमळीने बोलतोय, त्याच्याशी बसून बोला, पण वडील स्वतः ठरवू शकतायत तोवर त्याची परवानगी त्यांच्या जागी चालत नाही. मात्र न वळवल्यास काय होईल हे आजोबांना साध्या शब्दांत सांगितलंय ना?

नाइटड्यूटी:
जखम होईल एवढंच सांगितलंय. का नको हे विचारलंच नव्हतं, आज विचारते. पण नाहीच म्हणाले तर चार्टवर काय लिहू? सगळ्या जणी "पोझिशन दिली" लिहून मोकळ्या होतात.

जुनी_सिस्टर:
ते अजिबात करू नकोस. सकाळची सिस्टर त्या चार्टवर विश्वास ठेवून चालते. वेळ टाक, काय समजावलंस, ते काय म्हणाले त्यांच्याच शब्दांत, त्वचा कशी दिसली, कोणाला कळवलं, एवढं लिही. आणि पुढच्या राउंडला परत विचार, दोन वाजता नको म्हणणारा माणूस पाचला हो म्हणतो. अचानक असंबद्ध बोलायला लागले, गुंगीत वाटले तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलव, त्या वेळच्या नकाराला आधीसारखं धरता येत नाही.