मदत हवी आहे : परिसंस्था व्यवस्थापनात मास्टर्स, प्रबंधाचं की प्रकल्पाचं?

नमस्कार मंडळी. वनस्पतिशास्त्रात पदवी झाली आहे, सध्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीत फील्डवर्क करतो. जमिनीवर ठरावीक मापाची चौकट टाकायची, आतली प्रत्येक प्रजाती मोजायची, एक्सेलमध्ये भरायची. त्या आकड्यांवरून गवताळ भागात चराई किती चालू द्यायची, हे मात्र दुसरेच ठरवतात. मला ठरवणाऱ्यांत जायचं आहे. पीएचडी करायची नाही, हे नक्की.

दोन पर्याय दिसतात. एक, संशोधन करून प्रबंध लिहायचा. दुसरा, जास्त कोर्सेस आणि शेवटी एखाद्या संस्थेसाठी प्रत्यक्ष प्रकल्प. सीनियर म्हणतात प्रबंधालाच वजन. पण नोकरीच्या जाहिराती वाचल्या तर जीआयएस (संगणकावर नकाशे आणि स्थानिक माहिती हाताळणं), आर (आकडेवारीच्या विश्लेषणाची प्रोग्रामिंग भाषा), सांख्यिकी आणि स्वच्छ अहवाल लिहिता येणं, हेच पुन्हापुन्हा दिसतं.

आणखी एक खटकतं. जैवविविधता या आंतरराष्ट्रीय कराराने 2000 साली परिसंस्था दृष्टिकोनाची (जमीन, पाणी आणि सजीव यांचं एकत्रित व्यवस्थापन) 12 तत्त्वं मान्य केली. पहिलंच तत्त्व सांगतं की जमीन, पाणी आणि सजीव संसाधनांच्या व्यवस्थापनाची उद्दिष्टं ही समाजाने निवडायची बाब आहे. असं असताना बऱ्याच अभ्यासक्रमांत कायदा, अर्थशास्त्र, लोकांशी वाटाघाटी हे सगळं ऐच्छिक! (रिमोट सेन्सिंगचे, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याचे, मात्र दोन-दोन पेपर.)

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: मुलाखतीत प्रबंधाबद्दल खरंच विचारतात का? आर आणि जीआयएस स्वतः शिकून ऐच्छिक विषय कायदा-धोरणाचे घेतले तर चालेल? आणि मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध बघू की त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठे काम करतात ते?