मदत हवी आहे : प्रतिनिधीने केलेला करार कंपनी नाकारत असेल, तर दावा कोणावर?

एका कंपनीच्या प्रतिनिधीने कंपनीच्या लेटरहेडवर 'कंपनीकरिता' असे लिहून आमच्याशी यंत्रपुरवठ्याचा करार केला. आगाऊ रक्कम थेट कंपनीच्या खात्यात जमा झाली आणि तिची पावतीही कंपनीनेच दिली. मुदत उलटल्यावर नोटीस पाठवली, तेव्हा प्रतिनिधीला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, असे उत्तर आले. ही मर्यादा आम्हाला कधीच कळवलेली नव्हती. रक्कम परत आलेली नाही. करारात लवादाचे कलम नाही.

भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 237 (प्रतिनिधीला अधिकार आहे असा समज कंपनीनेच करून दिला असेल, तर तिच्यावर येणारी जबाबदारी) वाचले आहे, परंतु माझ्या मते खरा आधार ती पावतीच आहे. रक्कम स्वीकारणे ही कलम 197 नुसार कराराला दिलेली गर्भित मान्यता ठरते का, आणि त्याच दाव्यात पर्याय म्हणून कलम 235 (अधिकार नसताना प्रतिनिधी म्हणून करार करणाऱ्याची भरपाईची जबाबदारी) खाली प्रतिनिधीलाही प्रतिवादी केल्यास कंपनीविरुद्धची आमची बाजू कमकुवत होते का?