ग्रो आउट ऑफ : अर्थ नेमका कसा लावायचा?

प्रश्न
इंग्रजी वाचताना हे सारखं समोर येतंय आणि दर वेळी अर्थ वेगळाच निघतो. एकीकडे 'शी हॅज ग्रोन आउट ऑफ हर शूज', दुसरीकडे डॉक्टर मुलाच्या आईला सांगतात 'ही विल ग्रो आउट ऑफ इट', आणि काल एका लेखात 'द इंटरनेट ग्रू आउट ऑफ आर्पानेट'. वाढणं अधिक बाहेर असं जोडून बघितलं, काही जुळत नाही. आणि आउटग्रो म्हणजे हेच का?

उत्तर 1
बुटांचं सोपंय, पाय वाढले, बूट होईनासे झाले. फक्त आपण 'बूट लहान झाले' म्हणतो म्हणून कर्ता बूट धरायची सवय असते, इंग्रजीत इथे कर्ता जी वाढली ती मुलगी. मापाला मोठे बूट आणले आणि पुढे बरोबर होतील असं म्हणायचं असेल तर 'शी विल ग्रो इन्टू देम'.

उत्तर 2
डॉक्टरांच्या वाक्यात खरी गंमत आहे. वय वाढेल तसं आपोआप जाईल, हा अर्थ. अंगठा चोखणं, अंधाराची भीती, झोपेत चालणं, असल्या गोष्टींना हे अगदी चपखल बसतं कारण मूल त्यासाठी वेगळं काही करत नाही, मोठं होतं आणि ते मागे पडतं. म्हणून कुणी निश्चय करून सिगरेट सोडली असेल तर तिथे हे घालू नका, 'गेव्ह अप' किंवा 'क्विट' म्हणा, नाहीतर त्या माणसाची सगळी मेहनत वाक्यातून गायब होते. माझ्या मते हा फरक शब्दकोशात पटकन सापडत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

उत्तर 3
तिसरं वाक्य राहिलं. तिथे 'च्यातून उभं राहिलं' असा अर्थ घ्या. आर्पानेट हे संगणक एकमेकांना जोडणारं सुरुवातीचं जाळं, ते 1969 साली सुरू झालं आणि त्या कामातूनच पुढे इंटरनेट आकाराला आलं. कर्ता माणूस नसून एखादी कल्पना, संस्था, चळवळ असेल तर बहुतेक वेळा हाच अर्थ निघतो, विकिपीडियाबद्दलही तसंच म्हणता येईल कारण 2001 मध्ये तो न्यूपीडिया या तज्ज्ञांनी लिहायच्या ऑनलाइन ज्ञानकोशाच्या जोडीला म्हणून सुरू झाला होता. आउटग्रो पहिल्या दोन अर्थांना चालतं, या तिसऱ्याला अजिबात नाही. 'द कंपनी हॅज आउटग्रोन इट्स ऑफिस' म्हणजे कंपनीला आता ऑफिस पुरत नाही, ऑफिसमधून कंपनी जन्मली असं नव्हे.

प्रश्नकर्ता
वा, आता तिन्ही वाक्यं सुटी झाली, मनापासून आभार! मग 'आय अ‍ॅम ग्रोइंग आउट माय हेअर' मध्ये ऑफ का नाही?

उत्तर 2
ते वेगळं क्रियापद, नुसतं ग्रो आउट. केस न कापता वाढू देणं, किंवा जुना कट, लावलेला रंग निघून जाईपर्यंत केस वाढवणं. तिथे केस, कट किंवा रंग हे थेट कर्म असतं म्हणून ऑफ लागत नाही.