स्वप्नं ‘कशाची’ का ‘कशावर’? शेक्सपियरच्या एका ‘ऑन’बद्दल

बाळीवेसकर: काल भाचीचा बीएचा अभ्यास घेत होतो, शेक्सपियरचं ‘द टेम्पेस्ट’ नाटक, चौथा अंक, जादूगार प्रॉस्परोचं ते वाक्य आलं, ‘वी आर सच स्टफ ॲज ड्रीम्स आर मेड ऑन’. ती म्हणाली मामा इथं ‘ऑफ’ पाहिजे ना, आणि गाईड उघडून दाखवलं तर खरंच ‘ऑफ’ छापलेलं! अहो 1623 च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, स्पष्ट ‘ऑन’ आहे, परस्पर कसं बदलता? लई वाईट वाटलं. माझं म्हणणं, मराठीत सांगताना पण ‘ज्यावर स्वप्नं विणतात’ असंच सांगा. आपल्या सोलापुरात हे समजवायला लागूच नये, चादर सुताची असली तरी तयार होते मागावर, माणूस म्हणजे तो माग.

साखरपेठ: ‘ऑन’ छापायलाच पाहिजे, शंभर टक्के. पण अर्थ तुम्ही म्हणताय तो नाही ओ. त्या काळी ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ सर्रास यायचं, ‘किंग लिअर’मध्ये ‘थ्री ऑन्स’ आहे, म्हणजे आपल्यातले तिघं, तिथं कोण कुणाच्या वर बसलंय? आणि वाक्यात ‘स्टफ’ आहे, स्टफ म्हणजे माल. माझ्या वडिलांची हयात यंत्रमागावर गेली, सुताला माल म्हणतात, कापडाला म्हणतात, मागाला कुणी माल म्हणताना मी ऐकलं नाही. ‘स्वप्नं ज्याची बनतात’ हेच बरोबर.

सातरस्ता: मी मराठी शिकवते. ‘ज्याची’ म्हटलं की पोरं पुढं सरकतात, ‘ज्यावर’ला अडखळतात आणि विचारतात, मला ते अडखळणं पाहिजे. पण तुम्ही दोघं पुढचं ‘विथ’ विसरलात, ‘राउंडेड विथ अ स्लीप’. त्याचं ‘झोपेसोबत’ केलेलं मी वहीत वाचलंय, जीव तुटतो. ‘झोपेनं’ म्हणा की! आयुष्य दोन्हीकडून झोपेनं वेढलंय, किंवा झोपेनं पुरं होतंय, आपल्या एका ‘नं’मध्ये दोन्ही बसतं.

बाळीवेसकर: मॅडम, ‘नं’चं एकदम पटलं. साखरपेठ, मागाची उपमा मागे घेतो, तुमच्या वडिलांपुढं आपण काय बोलणार. पण ‘ऑन’ सोडत नाही. त्याच भाषणात पाच-सहा ओळी आधी ‘बेसलेस फॅब्रिक ऑफ धिस व्हिजन’ आहे, म्हणजे ‘ऑफ’ त्याच्या हाताशी होतंच की, आणि ‘बेसलेस’ म्हणजे पायाच नसलेलं. आधी पाया काढून घेतला आणि मग ‘ऑन’ म्हणाला, हे मला उगीच वाटत नाही.

साखरपेठ: ‘बेसलेस’ माझ्या ध्यानात नव्हतं, हे मानतो. तरी एकच माणूस दोन्ही वापरतो ना, माझी आई एका दमात ‘तिथं’ पण म्हणते आन ‘तिकडं’ पण म्हणते, त्यात वेगळा अर्थ नसतो. मी ‘ज्याची’वरच आहे. भाचीला एवढं करायला सांगा, गाईडातलं ‘ऑफ’ पेनानं खोडून वर ‘ऑन’ लिही म्हणावं, परीक्षेआधी.