इनसमॉड झालं म्हणजे पास नव्हे

व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) लिनक्स कर्नलचं मॉड्यूल इनसमॉड-आरएममॉड केलं, म्हणजे चढवून उतरवलं, आणि एक्झिट कोड शून्य (म्हणजे कमांड यशस्वी) आला की टेस्ट पास, असं धरलं जातं. गोची इथेच आहे. लिनक्स कर्नलमध्ये ऊप्स (कर्नलने पकडलेली गंभीर चूक) झालं तरी मशीन बऱ्याचदा रडतखडत चालूच राहतं. माझा एक ड्रायव्हर आठवडाभर हिरवा दिसत होता. सहज डीमेसेज (कर्नलचा लॉग) उघडला, तर वर्कक्यूमधला (कर्नलच्या मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेतला) नल पॉइंटर रोज रात्री बोंबलत होता!

म्हणून कर्नलच्या बूट ओळीत 'ऊप्स=पॅनिक' आणि 'पॅनिक=-१' घाला, क्यूईएमयूला (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला) 'नो-रीबूट' द्या. ऊप्स झालं की कर्नल पॅनिक होऊन (काम पूर्ण थांबवून) लगेच रीबूट मागतो आणि क्यूईएमयू बंद होतं. पण गंमत अशी, की त्याचाही एक्झिट कोड साधारणपणे शून्यच असतो. तेव्हा टेस्टच्या शेवटी सिरियल कन्सोलवर (व्हीएमचा मजकूर बाहेर लॉगमध्ये आणणाऱ्या पोर्टवर) स्वतःची एक खुणेची ओळ छापा. लॉगमध्ये ती सापडली तरच पास. डेडलॉक झाला (लॉकसाठी एकमेकांची वाट बघत सगळं अडकलं) तर पॅनिकही होणार नाही, म्हणून होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतं त्या मशीनवर) टाइमआउट हवाच.

केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) ही कर्नलची तपासणी साधनं चालू ठेवा. व्हीएम मंदावते, मंदावू दे. रोज डिस्क इमेज बनवायचा कंटाळा असेल तर वर्टमी-एनजी हे टूल बघा, व्हीएमसाठी होस्टचीच फाइलसिस्टीम वापरतं.